खचलेल्या माणसाजवळ बसायचं कसं? मराठवाड्यातल्या गावांसाठी आत्महत्या प्रतिबंधाचा मार्गदर्शक

हे वाचताना तुमच्याच मनात जीव द्यायचे विचार घोळत असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि आत्ता १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं. फोन करवत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला एवढंच सांगा, "मला आज एकटं सोडू नका." लेख नंतर वाचता येईल.

बाकीचा मजकूर आहे तो भाऊ, पुतण्या, जाऊ, मित्र, आशाताई, शिक्षक, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार अशांसाठी. माणूस खचतोय हे सगळ्यांत आधी यांच्याच नजरेला पडतं.

मराठवाड्यात आत्महत्येचा विषय निघाला की बोलणं कर्जमाफी, हमीभाव आणि पाण्यावर जातं. जायलाच हवं. पण ती लढाई वर्षानुवर्षांची आहे आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, एकटा बसलेला माणूस आज रात्रीचा आहे. त्याच्यासाठी काय उपयोगी पडतं यावर जगभर अभ्यास झालेत. त्यांतून तीन गोष्टी पक्क्या दिसतात: सरळ विचारणं, फवारणीचं औषध हाताशी न ठेवणं, आणि महिनोन्‌महिने विचारपूस करत राहणं. या तिन्ही गोष्टी गावाला स्वतःच्या बळावर करता येतात. पहिल्या दोन आपण टाळतो आणि तिसरी अर्ध्यात सोडतो, असं माझं ठाम मत आहे.

कुणाकडे लक्ष ठेवायचं

विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ साली मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक बीड जिल्ह्यातल्या होत्या. हा आकडा गंभीर आहेच, पण नजर तेवढ्यावरच थांबवू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या आणि त्यांपैकी शेतकरी व शेतमजूर मिळून ४,२४८ होते. उरलेल्यांत रोजंदारीवाले आहेत, विद्यार्थी आहेत, बायका आहेत. दिवसभर कापूस वेचणारी बाई सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे नोंदीत 'गृहिणी' ठरते, हेही ध्यानात ठेवा.

आपल्याकडे जपायची माणसं कोण, याचा अंदाज गावाला असतो. पीक गेलेला आणि सावकाराचा तगादा लागलेला कोरडवाहू शेतकरी. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, अंगावर घेऊन कारखान्याला गेलेलं आणि ती न फिटताच परतलेलं ऊसतोडीचं जोडपं. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहिलेलं पोर, ज्याच्या फीसाठी बापानं जमिनीचा तुकडा काढलाय. सासरी जाच सोसणारी नवी सून. दारू वाढलेला तरुण. आणि या सगळ्यांच्या वर ज्यानं पूर्वी एकदा प्रयत्न केलेला आहे तो माणूस. आधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा इशारा मानला जातो. "एकदा करून बघितलं, आता काही करणार नाही" हा समज धोक्याचा आहे.

वेळाही ओळखून ठेवा: अतिवृष्टी किंवा गारपिटीनंतरचे आठवडे, मार्चअखेरची वसुली, घरातलं लग्न तोंडावर आलेलं असणं, निकालाचा दिवस. सप्टेंबर २०२५ च्या पुरात नुसतं पीक नाही, मातीच खरवडून गेली. अशा घरांकडे पंचनामा झाला म्हणून पाठ फिरवू नका.

खुणा कोणत्या

आपल्याकडे "मला नैराश्य आलंय" असं कुणी म्हणत नाही. "मन लागंना", "कायबी सुधरंना", "डोकं जड झालंय", "छातीत धडधडतं", "झोपच नाही" असं म्हणतात. सलग दोन आठवडे उदास वाटणं आणि नेहमीच्या कामात गोडी न उरणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो आजार असू शकतो, असं समजून पुढचं पाऊल उचला.

याहून तातडीच्या खुणा बोलण्यात सापडतात. "माझ्यामागं तुमचं बरं होईल." "आता कटकट संपंल." आवडती बैलजोडी किंवा म्हैस कारण नसताना देऊन टाकणं, अचानक सगळे हिशोब चुकते करणं, लांबच्या बहिणीला उगाच भेटून येणं, हे मनावर घ्या. कित्येक दिवस घालमेलीत असलेला माणूस एकाएकी शांत झाला तर सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी त्याच्याशी बोला.

विचारायचं कसं

इथं सगळे अडखळतात. "विचारलं आणि नसलेला विचार डोक्यात घातला तर?" ही भीती बहुतेकांना असते. ती तपासून झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यात दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आत्महत्येविषयी प्रश्न विचारल्यानं कुणाचे विचार वाढले नाहीत. ज्यांच्या मनात आधीच घालमेल होती त्यांना उलट थोडं हलकं वाटलं. पुढच्या अभ्यासांचाही सूर तोच आहे.

जागा निवडा. चारचौघांत, पारावर किंवा बायको-पोरांसमोर नको. वावराकडे जाताना, गोठ्यात, गाडीवर बसून तालुक्याला जाताना बोलणं सोपं जातं, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. पुतण्या आणि त्याचे चुलते नाना यांचा संवाद साधारण असा होऊ शकतो:

"नाना, आठ दिस झालं, तुम्ही पारावर दिसंनात. काकू म्हणत्यात जेवण बी तुटलंय."

"काय नाही रे. मन लागंना कशात."

"झोप येती का?"

"कसली झोप. दोनला डोळा उघडतो, मग बसतो तसाच."

"नाना, एक विचारतो, राग धरू नका. डोक्यावर इतकं ओझं झालं की कुणाकुणाला वाटतं, जगूच नये. तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

"…येतो कधी कधी. सोयाबीन पाण्यात गेलं तवापासून."

"बरं झालं बोललात. मी इथंच हाय. सांगा मला सगळं."

पुतण्यानं इथं तीन गोष्टी नेमक्या केल्या. आधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, मग प्रश्न आडून न विचारता स्पष्ट शब्दांत विचारला, आणि उत्तर आल्यावर उपदेश केला नाही. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं विचारलं असतं तर नानांनी "छे छे" म्हणून विषय संपवला असता, कारण त्या प्रश्नातच उत्तर भरलेलं असतं.

"लेकरांकडं बघा" हे वाक्य आपल्या तोंडात सहज येतं. जपून वापरा. खचलेल्या माणसाला बऱ्याचदा वाटत असतं की आपण लेकरांवरचं ओझं आहोत. मग त्याच वाक्यानं अपराधीपणा आणखी वाढतो. "एवढ्यानं हरलास?", "आमच्यावर काय कमी आलं का?" ही वाक्यं तर तोंडातून निघूच देऊ नका. बोलता येत नसेल तर नुसतं बसा.

"येतो" असं उत्तर आलं की आणखी चार गोष्टी विचारायच्या: कसं करायचं हे ठरवलंय का? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? कधी, असं काही मनात आहे का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? नुसता विचार असेल तर एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. मार्ग ठरलाय आणि साधन हाताशी आहे, असं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. "कुणाला सांगू नको" अशी शपथ घातली तर ती घेऊ नका. "गावभर करणार नाही, पण तुम्हाला वाचवायला जेवढ्यांना लागंल तेवढ्यांना सांगीन," हे प्रामाणिकपणे सांगा.

औषध घराबाहेर न्यायचं

मराठवाड्यातल्या घरात फवारणीचं औषध कुठं असतं, ते डोळ्यांपुढं आणा. देवळीत, माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागं, न्हाणीच्या कोपऱ्यात, आखाड्यावर खाटेखाली. मागच्या हंगामातली अर्धी बाटली फडक्याचा बोळा लावून ठेवलेली, लेबल कधीच निघून गेलेलं. टाकायला जीव होत नाही, कारण पैसे मोजलेत.

मरणाचा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. अनेकांच्या बाबतीत ठरवणं आणि करणं यांच्यात काही मिनिटांचंच अंतर असतं. तेवढ्या वेळात साधन हाताला लागलं नाही तर बहुतेक माणसं वाचतात आणि पुढं जगतात. श्रीलंकेनं हे देशभर करून दाखवलं. अतिविषारी कीटकनाशकांवर तिथं टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि १९९५ ते २००५ या काळात आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. बंदीमुळं पिकाचं उत्पादन घटल्याचं काही आढळलं नाही.

मग घरात कुलपाची पेटी ठेवली तर भागेल का? श्रीलंकेतच १८० खेड्यांत हे पडताळून पाहिलं गेलं. निम्म्या खेड्यांत घरोघर कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: पेट्यांनी फरक पडल्याचा पुरावा नाही. मला यात नवल वाटत नाही. कुलूप घरात आणि किल्लीही घरातच. याउलट तमिळनाडूत कट्टुमन्नारकोइल भागात औषध ठेवायला गावाची एक सामाईक जागा केली. प्रत्येक शेतकऱ्याचा कप्पा वेगळा आणि देखरेखीला माणूस नेमलेला. तिथं आत्महत्या घटल्याचं दिसलं. प्रयोग दोनच गावांचा होता, म्हणून त्यावरून फार मोठा दावा करता येणार नाही. पण दिशा कळते: औषध घरापासून लांब हवं आणि मध्ये दुसरा माणूस हवा.

म्हणून ज्या घरात धोका दिसतोय तिथं आजच एवढं करा. घरातल्या बाईला किंवा मोठ्या मुलाला विश्वासात घ्या. सगळ्या बाटल्या, पुड्या, अर्ध्या-रिकाम्या डब्यासुद्धा गोळा करून दुसऱ्याच्या ताब्यात द्या. ज्याच्याकडे देताय त्याच्या घरातही एखादा माणूस खचलेला नाही ना, ते पाहून घ्या. विहिरीत, नाल्यात ओतू नका. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच औषध आणायचं आणि फवारणी दुसऱ्यानं करायची. कृषी सेवा केंद्राच्या मालकाशीही बोलून ठेवा. हंगाम नसताना, पीक कोणतं हे न सांगता उधारीवर बाटली मागणाऱ्या ओळखीच्या माणसाला तो "बसा, चहा घ्या" म्हणाला आणि घरी एक फोन केला, तरी पुरे. दुखण्याच्या आणि झोपेच्या गोळ्याही घरच्यांनी आपल्याकडे ठेवाव्यात. दारू त्या आठवड्यांत शक्य तेवढी लांब ठेवा, कारण ती मनाचा लगाम सोडते.

दवाखान्याची वाट

सुरुवात आशाताईपासून करा. राज्य सरकारनं २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात घरोघर जाऊन विचारपूस करण्याचं काम आशाताईंकडे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात भेटतात. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं मानसोपचार विभाग आहेत. सोबत जा. चिठ्ठी देऊन एकट्याला एसटीत बसवून देऊ नका. केसपेपर काढणं, रांगेत उभं राहणं, "काय होतंय?" या प्रश्नाचं उत्तर देणं, ही कामं त्या अवस्थेत डोंगराएवढी वाटतात.

गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून बंद आणि दुसऱ्या महिन्यात "बरं वाटतंय" म्हणून बंद, असं आपल्याकडे सर्रास होतं. दोन्ही टाळा. घरच्यांना देवाचं, दर्ग्याचं काही करायचं असेल तर त्यावरून वाद घालू नका, फक्त गोळ्या चालू राहू द्या.

गावपातळीवर हे जमतं का, असं विचाराल तर शेजारच्या विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पानं ते दाखवलंय. ३० गावांत स्थानिक कार्यकर्ते तयार करून घरापर्यंत मदत पोचवली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्के झाले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

विष घेतलंच असेल तर

१०८ लावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं जवळच्या रुग्णालयात न्या. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका, विष श्वासनलिकेत गेलं तर जीव जास्त धोक्यात येतो. दूध, ताक, लिंबू काही देऊ नका. कपड्यांवर सांडलं असेल तर ते काढून अंग भरपूर पाण्यानं धुवा, पण स्वतःच्या हाताला लागू देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. बाटली किंवा पुडी सोबत घ्या, डॉक्टरला औषधाचं नाव कळणं फार मोलाचं असतं. माणूस वरून ठीक दिसला, बोलत असला, तरी न्यायचंच. काही विषांचा परिणाम दिसायला दिवस लागतात.

"पोलीस केस होईल" म्हणून लपवू नका. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. उलट त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

नंतरचे अठरा महिने

प्रयत्नातून वाचलेल्या माणसाची पुढं विचारपूस करत राहणं, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय हाच. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १,८६७ जणांचा अभ्यास केला. हे सगळे प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेले होते. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्यासोबत तासभर समजावून सांगणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन, एवढंच जादा मिळालं. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारांच्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेले होते, विचारपूस झालेल्या गटातले ०.२ टक्के.

त्या नऊ वेळा अशा होत्या: घरी आल्यावर पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजच टाका. भेटीत भाषण नको. "झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, ते विचार परत आले का?" एवढं विचारायचं, चहा घ्यायचा, पुढच्या भेटीचा दिवस सांगून निघायचं. जो माणूस जाणार तोच दरवेळी गेला तर बरं. आपल्याकडे पहिल्या आठ दिवसांत अख्खं गाव येऊन जातं आणि महिन्यानंतर दारात कुणी फिरकत नाही.

पहिल्या भेटीतच त्याच्यासोबत एका कागदावर लिहून घ्या: विचार यायला लागले की आधी काय जाणवतं, तेव्हा लक्ष दुसरीकडे नेणारं काय आहे (भजन, जनावरांजवळ बसणं, काहीही), कुणाकडे उठून जायचं, कुणाला रात्री दोनलाही फोन केला तरी चालतो, आणि शेवटी १४४१६. कागद त्याच्या अक्षरात असावा. अशा लेखी आराखड्याला फोनवरच्या विचारपुशीची जोड दिल्यावर पुढच्या सहा महिन्यांतले आत्महत्येचे प्रयत्न ४५ टक्क्यांनी कमी दिसले, असा अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा २०१८ चा अभ्यास आहे.

ओझ्याचे कागदही उघडा

मन सावरायला लागलं की कर्जाची पिशवी काढा. बँक, सोसायटी, बचत गट, मायक्रोफायनान्स, दुकानाची उधारी, सावकार, सगळं एका पानावर मांडा. एकट्यानं मनातल्या मनात मोजलेलं कर्ज नेहमी मोठं वाटतं. सावकार विनापरवाना असेल आणि जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि चौकशीत सिद्ध झालं तर जमीन परत मिळू शकते. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

माणूस गेलाच तर

फोटो, चिठ्ठी, कसं केलं याचा तपशील व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. त्याच अडचणीत असलेला दुसरा कुणी ते वाचत असतो. "कर्जापायी गेला", "पोरीच्या लग्नापायी गेला" असं एकच कारण चिकटवून टाकू नका, आणि घरच्यांना "तुम्हाला कळलं कसं नाही?" हे तर कधीच विचारू नका. आता जपायची माणसं ही आहेत, विशेषतः बायको आणि वयात आलेली मुलं. त्यांच्यासाठीही वरची नऊ भेटींची दिनदर्शिका लावा.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणारी सरकारी मदत एक लाख रुपये आहे. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हास्तरीय समिती ठरवते, म्हणून पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि कर्जाचे दाखले यांच्या प्रती पहिल्याच आठवड्यात जमवून ठेवा. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या आणि त्यात बायकोचं नाव आहे ना, ते स्वतः वाचून बघा. ते राहिलं तर पुढच्या पेरणीला पीककर्ज, विमा, अनुदान काहीच तिच्या हातात येत नाही. तिला तलाठी कार्यालयात एकटीला पाठवू नका.